गंजीला हात लावायचा नाही

आमच्या लेटरबान गावात माणसाची पत घरावरून ठरत नाही. घरं सगळ्यांची सारखीच, दोन खोल्या आणि वर गवताचं छप्पर, तेही पश्चिमेचा वारा दरवर्षी थोडं थोडं मागून नेतो. पत ठरते गंजीवरून. दलदलीतली काळी माती मे महिन्यात विटांसारखी कापायची, वारा-उन्हात वाळवायची, ऑगस्टात गाढवाच्या पाठीवर हारे लादून घरी आणायची आणि गोठ्याशेजारी तिची गंजी रचायची. तिला पीट म्हणतात. मग वर्षभर चुलीत तीच. लाकूड म्हणाल तर अख्ख्या गावात झाड एक, आणि ते चर्चच्या आवारात. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

गंजी रचण्यात आपला हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, असं फेस्टी कनीलीचं मत होतं आणि ते तो न विचारता सांगायचा. पण ही गोष्ट त्याची नव्हे. त्याची गोष्ट तो स्वतःच भरपूर सांगून गेलाय. ही त्याच्या बायकोची, डिलियाची. विजेचे खांब आमच्याकडे यायच्या आधीची.

डिलिया समोर समुद्रातल्या बेटावरची. बाप दगडी बांध घालणारा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आणि तो बांध म्हणे शंभर वर्षं वाऱ्याला उभा. लहानपणी ती बापाच्या हातात दगड द्यायची. कुठला दगड कुठे बसेल हे बापाच्या आधी तिला कळायचं, पण पोरीच्या जातीने हे बोलायचं नसतं म्हणून ती नुसता बरोबर दगड पुढे करायची. बाप समजायचा, आपलं नशीब चांगलंय. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. लग्न होऊन लेटरबानला आली त्याला बावीस वर्षं झाली होती. दोन्ही पोरं इंग्लंडात कामाला गेलेली. घरात उरली तिघं: फेस्टी, डिलिया आणि फेस्टीची आई सबिना. सबिना ऐंशीच्या घरात होती. चुलीपासून तीन हातांच्या पलीकडे ती गेली नव्हती त्याला सहा वर्षं झाली होती, तरी गावात काय चाललंय हे तिला गावाआधी कळायचं.

पीटच्या कामाची वाटणी आमच्याकडे देवानेच करून दिल्यासारखी आहे. पुरुषाने श्लान चालवायचं. श्लान म्हणजे एका अंगाला पंख असलेलं अरुंद फावडं. चार दिवस कापायचं आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलायचं. त्यानंतर जूनभर बायकांनी वाकायचं. ओल्या विटा उचलायच्या, पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, चहाड्या करायला जमलेल्या बायांसारख्या, म्हणजे मधून वारा जातो आणि त्या वाळतात. अशा हजारो. संध्याकाळी कंबर सरळ करायची तर भिंत धरावी लागते. पण "यंदा पीट कुणाचं छान?" असं विचारलं की उत्तर येतं, "फेस्टीचं." डिलियाचं पीट असं कुणी म्हटलेलं माझ्या तरी कानावर नाही.

आता फेस्टीचं दुखणं काय होतं ते सांगते. शेजारी कोलमन मॅनियन. तीन वर्षांपूर्वी फादर लावेल सायकलवरून जाताना कोलमनच्या दारात उतरले आणि म्हणाले, "छान गंजी आहे रे, कोलमन." खरं तर त्यांच्या सायकलची साखळी पडली होती, हात काळे झाले होते आणि पाणी मागायच्या आधी काहीतरी गोड बोलावं म्हणून ते बोलले. पण त्या तीन शब्दांवर कोलमन तीन वर्षं जेवत होता. लोहाराकडे, दुकानात, मयताला, कुठेही विषय निघाला की, "फादर म्हणालेच होते मला..." फेस्टीच्या पोटात ते खड्यासारखं जाऊन बसलं होतं.

आणि त्या वर्षी घरच्या मिस्सेची पाळी कनीलींच्या घराची आली.

आमच्याकडे वर्षातून एकदा फादर गावातल्या एका घरी येऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करतात. घराची पाळी आठ-नऊ वर्षांनी येते. त्या दिवशी सगळं गाव तुमच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसतं आणि डोळे मिटल्यासारखं करून कपाटाखालचं जाळं बघतं. म्हणून पाळी आली की भिंतींना चुना, दाराला रंग, शेजारणीकडून बशा. मार्चमध्ये मिस्सा, तर लोक ऑगस्टपासून घासायला लागतात.

फेस्टीने ऑगस्टात चुना काढला नाही. गंजी रचायला काढली. अकरा दिवस रचत होता. बाहेरच्या विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या, एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे. कोपरे सुरीने कापल्यासारखे. वर घराच्या छपरासारखा उतार. डिलियाने मध्ये एकदा एक वीट नीट बसवायला हात पुढे केला तर म्हणाला, "तू नुसतं हातात दे. ही कारागिरी आहे." तिने अकरा दिवस हातात दिलं.

गंजी झाली तेव्हा गावातले पुरुष टोप्या मागे सरकवून बघायला आले. कोलमनसुद्धा आला. बराच वेळ बघून म्हणाला, "मधे पोट आलंय."

"पोट तुझ्या डोळ्यात आलंय," फेस्टी म्हणाला. मग आत येऊन जेवायला बसला आणि जाहीर केलं, "मार्चपर्यंत हिला हात लावायचा नाही. फादर येतील तेव्हा आहे तश्शी दिसली पाहिजे."

डिलियाने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं. "आणि तोवर जाळायचं काय?"

"चुरा आहे की. मागची शिल्लक आहे. काटकसर नावाची गोष्ट असते बाई. बायकांना ती ठाऊक नसते."

"तुझ्या बापाने गंजी जाळायला बांधली होती रे," सबिना चुलीपासून म्हणाली.

"आये, बापाच्या गंजीकडे कुठल्या फादरने मान वळवून पाहिलं नाही."

"पाहिलं नसेल. पण येऊन उबेला बसायचे."

फेस्टीने बटाटा सोलला आणि विषय संपला असं त्याला वाटलं.

सप्टेंबर शिलकीवर गेला. ऑक्टोबरच्या मध्यावर शिल्लक संपली आणि चुरा सुरू झाला. चुऱ्याला ज्वाळ नसते. तो नुसता धुमसतो आणि घरभर डोळ्यांत पाणी आणतो. किटलीला उकळी यायला सकाळची दुपार व्हायची. पाव बाहेरून काळा, आतून कणीक. सबिनाच्या छातीत घरघर सुरू झाली, जुन्या दाराच्या बिजागरीसारखी.

यापेक्षाही एक मोठी धास्ती डिलियाला होती. त्या चुलीतली आग फेस्टीच्या आजोबांनी जुन्या घरातून लोखंडी भांड्यात निखारे घालून आणलेली. सत्तर वर्षं ती विझली नव्हती. रोज निजताना निखारे राखेत झाकायचे, सकाळी राख उकरली की लाल डोळा दिसायचा. एका सुनेच्या हातून दुसऱ्या सुनेच्या हातात आलेली ही एवढीच काय ती इस्टेट. ज्या बाईच्या हातून आग विझते तिला मग मरेपर्यंत "विझल्या चुलीची" म्हणतात, आणि मेल्यावर तिच्या नातींना. चुऱ्याचा निखारा सकाळपर्यंत टिकत नाही. दोनदा सकाळी राखेत वालाच्या दाण्याएवढा लाल कण उरलेला तिने पाहिला. दोन्ही वेळा ती गुडघ्यावर बसून इतकं फुंकत राहिली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या वेळी सबिना मागून म्हणाली, "यंदा आधी ही जाते की मी, पैज लाव."

त्या दिवशी डिलियाने नवऱ्याला शेवटचं विचारलं. "मागच्या बाजूने दहा विटा काढते. कुणाला दिसणार नाही."

"मला ठाऊक असेल ना," फेस्टी म्हणाला. "गंजी म्हणजे काय नुसती बाहेरून असते? तिचं मन असतं."

"तुझ्या आईची छाती असते."

"आये, तुला थंडी वाजते का?"

"नाही रे बाळा," सबिना म्हणाली. "मी आपली सवयीने थरथरतेय."

"बघ," फेस्टी म्हणाला, आणि टोपी घालून निघाला. हिवाळ्यात त्याला मोठं काम असायचं. न्याहरी झाली की गावात फिरून बाकीच्यांच्या गंज्या बघायच्या आणि त्यांतल्या चुका ज्याच्या त्याला सांगून यायच्या. दुपारपर्यंत पुरायचं ते.

तो वळणाआड गेला तशी डिलिया गोठ्यामागे गेली. छपराचं पाणी पडू नये म्हणून फेस्टीने गंजी गोठ्याच्या भिंतीपासून दीड वीत लांब रचली होती. त्या फटीत फेस्टीचं पोट शिरणं शक्य नव्हतं. डिलिया अंग तिरकं करून सहज शिरली. अंधारात जीभ चावून तिने दोन विटा काढल्या, शालीत घेतल्या आणि घरी येऊन चुलीत घातल्या. पाच मिनिटांत किटली बोलायला लागली.

सबिनाने हात पुढे धरले.

दुसऱ्या दिवशी चार विटा. मग डिलियाच्या लक्षात आलं की हे असं चालायचं नाही. वरून काढावं तर गावाला दिसणार, खालून काढावं तर वरचं अंगावर येणार. तिला बापाचे हात आठवले. बेटावर जुन्या साधूंच्या दगडी झोपड्या आहेत, त्यांना छप्परच नाही. दोन्हीकडून एकेक दगड थोडा थोडा आत सरकवत आणायचा, वर खांद्याला खांदा भिडला की ओझं आपोआप पायात उतरतं. मग तिनेही तसंच सुरू केलं. दोन विटा काढायच्या, एक परत तिरकी बसवायची. काढायच्या आधी हाताने चाचपायचं, कुठलीवर भार आहे, कुठली नुसती बसून खातेय. बसून खाणाऱ्या आधी काढायच्या. गंजीतही अशा बऱ्याच निघतात.

नोव्हेंबरात ती खांद्यापर्यंत आत जायची. नाताळला आत उभी राहत होती. बाहेर माशाचे काटे जसेच्या तसे, आणि आत काळोखात गोल घुमट, त्याला मातीचा उबदार वास. बावीस वर्षांत डिलियाला स्वतःची अशी खोली नव्हती. कधी कधी विटा काढून झाल्यावरही ती उगाच दोन मिनिटं तिथे थांबायची.

घर तापलं, पाव फुगला, सबिनाची घरघर उतरली. फेस्टी चुलीपुढे पाय पसरून बसायचा आणि खूश व्हायचा. चुऱ्यावर एवढी ऊब कशी येते हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण ज्या गोष्टीचं श्रेय घेता येतं तिच्याबद्दल पुरुष सहसा प्रश्न विचारत नाहीत. लोहाराकडे जाऊन तो सांगायला लागला, "आमच्याकडे गंजीला हात नाही. नुसत्या चुऱ्यावर घर भट्टीसारखं. का? तर मी बायकोला वळण लावलंय. तुमच्या बायका पीट उधळतात रे. निम्मं धुराड्यातून जातं."

पुरुषांना हे पटलं. बायकांबद्दलचं काहीही त्यांना चटकन पटतं. ज्याने त्याने घरी जाऊन गंजीवर पहारा बसवला. कोलमनने तर बायकोला, विनीला, रोज सकाळी सहा विटा मोजून द्यायला सुरुवात केली.

आठवड्याभरात विनी दार ढकलून आत आली. नाक लाल, शाल डोक्यावरून.

"काय गं डिलिया, तू चेटूक शिकलीस का?"

"बस ना विनी. चहा घे."

"चहा घे म्हणे! किती दिवसांनी उकळता चहा दिसतोय. माझ्या घरी गाईला बाळंतपणात देतात तसलं कोमट पाणी पितोय आम्ही. आणि आमचा तो शहाणा म्हणतो, फेस्टीची बायको चुऱ्यावर पाव भाजते, तुला काय धाड भरलीय? खरं सांग, कसं करतेस?"

डिलियाने खाली मान घालून कप पुसला. "फुंकण्यावर असतं."

"फुंकण्यावर! फुंकून फुंकून माझे पुढचे दोन दात हलायला लागले!" विनीने चुलीत डोकावलं. "देवाशप्पथ, हा चुरा नव्हे."

"तुझे डोळे गेले असतील धुराने," सबिना म्हणाली. विनी चहा पिऊन, तणतणत निघून गेली.

दार लागल्यावर सबिना म्हणाली, "रोज काढतेस त्यात तिच्यासाठी दोन जास्त काढ."

डिलियाने कप खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"साठ वर्षं या चुलीपुढे बसलेय पोरी. चुऱ्याचा वास वेगळा आणि घट्ट विटेचा वेगळा. नाक माझ्या पोरालाही आहे, पण ते तो वर धरून चालतो. आणि हे बघ, ती कोंबडी तिथे अंडी घालायला जातेय हल्ली, तिचा काहीतरी बंदोबस्त कर. काल फेस्टी विचारत होता, गंजीतून कॉक कॉक कुठून येतंय. मी म्हटलं, तुझ्या कानात वारा शिरलाय."

अशा रीतीने विनी त्या गुपितात आली. रोझरीची जपमाळ हातात धरून तिने शपथ घेतली आणि शपथ मोडावी लागू नये म्हणून फक्त आपल्या बहिणीला सांगितलं. बहिणीने जावेला, जावेने शेजारणीला. फेब्रुवारीत चार घरांच्या बायका "सबिनाची विचारपूस करायला" येत होत्या आणि जाताना शालीखाली जाड होऊन जात होत्या. फेस्टीला वाटे, आपल्या आईवर गावाचा केवढा जीव. त्याच्या उपदेशाने गार पडलेल्या चुली त्याच्याच गंजीवर पेटत होत्या, आणि चारही घरांचे पुरुष लोहाराकडे बसून एकमेकांना सांगत होते, फेस्टी म्हणतो ते खरं आहे बरं का, चुऱ्यावर भागतं.

मार्च उजाडला तेव्हा गंजीची भिंत एका विटेएवढी उरली होती. डिलियाने शेवटचे आठ दिवस आत जाऊन काढलं काहीच नाही, नुसतं सांभाळलं. तिचा हिशेब साधा होता: फादर येतील, लांबून बघतील, छान म्हणतील, जातील. त्यानंतर फेस्टी गंजी उघडायला निघेल तेव्हा काय सांगायचं ते त्या दिवशी बघू. आग तर पोचली ना मार्चपर्यंत.

मिस्सेच्या दिवशी झिमझिम पाऊस आणि हाडात जाणारा वारा. सगळं गाव आत कोंबलेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरी चादर, त्यावर मेणबत्त्या. मिस्सा झाली, फादरांना पलीकडच्या खोलीत दोन अंडी आणि चहा झाला, आणि फेस्टी घसा साफ करून म्हणाला, "फादर, जाण्याआधी जरा गोठ्याकडे..."

फादर लावेल शहरातले. त्यांच्या बापाच्या घरी कोळसा जळायचा. पण भला माणूस. गंजीपुढे उभे राहून ते म्हणाले, "अरे वा! ही तर कोलमनच्यापेक्षाही सुंदर आहे."

फेस्टीने डोळे मिटले. साडेतीन वर्षांचा खडा पोटातून विरघळला असावा. इथे देवाने पडदा पाडला असता तर सगळ्यांचं भलं झालं असतं.

"आणि तू हिला हिवाळाभर हातही लावला नाहीस म्हणतात," फादर म्हणाले. "केवढा संयम! असं कर, पहिली वीट माझ्यासमोर काढ. मी आशीर्वाद देतो आणि ती तुझ्या चुलीत पडू दे."

दारात उभ्या असलेल्या चार बायकांना एकदम कप विसळायचं आठवलं. डिलिया मात्र जागची हलली नाही.

फेस्टीने बाह्या सरसावल्या. छातीच्या उंचीवरची एक वीट निवडली, नवरीचा हात धरावा तशी अलगद ओढली. वीट आली. मागे भोक पडलं. पुढच्या विटेसाठी त्याने सवयीने आत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत. फेस्टीचा गाल गंजीला चिकटला आणि आत गेलेला हात इकडे तिकडे काहीतरी शोधत राहिला.

"काही हरवलंय का रे आत?" कोलमनने विचारलं.

फेस्टीने तसाच गाल टेकून डिलियाकडे पाहिलं. डिलियाने मान खाली घातली नाही. तिच्या मागे, उघड्या दारातून, चुलीतली आग दिसत होती आणि आगीपुढे त्याची आई, चांगली गुबगुबीत झालेली.

तेवढ्यात फादर पुढे झाले आणि भोकातून डोकावले. "अरे! ही आतून रिकामी आहे की!"

सगळं गाव माना लांब करून पुढे सरकलं.

"मोठं घर, पोकळ वासा," आतून सबिना कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाली.

फेस्टीच्या चेहऱ्यावर एका क्षणात चार ऋतू येऊन गेले. खरं बोलावं तर बायकोने पाच महिने नाकाखालून गंजी जाळली आणि आपल्याला कळलं नाही, हे साऱ्या गावासमोर कबूल करायचं. तेही कोलमनसमोर. त्याने हात बाहेर काढला, बाही खाली केली.

"असणारच, फादर," तो म्हणाला. "पोकळच बांधायची असते. हवा खेळते. भरीव गंजीत मधलं पीट कुजतं. लोकांना ठाऊक नाही. ही माझी स्वतःची पद्धत आहे."

"किती शास्त्रीय विचार!" फादर म्हणाले. त्यांनी परत आत डोकावलं. "आणि हा घुमट! मी रोमला पाहिलेत असे. फेस्टी, हे सगळ्यांना कळायला हवं. रविवारी मी चर्चमध्ये सांगतो. यंदा आपल्या पॅरिशच्या सगळ्या गावांत प्रत्येकाने गंजी तुझ्या पद्धतीने बांधावी."

कोलमनचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यात पाऊस पडत होता.

त्यानंतर तीन दिवस फेस्टी घरात बोलला नाही. चौथ्या दिवशी बटाटा सोलता सोलता म्हणाला, "किती काढलंस?"

"बाहेर दिसतं तेवढं सोडून सगळं."

"आणि मी इथे बसून..."

"तू चुऱ्यावर शेकत होतास. चुरा नोव्हेंबरातच संपला, फेस्टी."

फेस्टीने बटाटा पूर्ण सोलला, मीठ लावलं, खाल्लं. ती वाट बघत होती की आता ओरडेल. तो म्हणाला, "रविवारी फादर सांगणार आहेत."

फादरांनी सांगितलं. ऑगस्ट आला. पंचक्रोशीतले पुरुष पोकळ गंज्या बांधायला लागले आणि त्या पडायला लागल्या. कोलमनची तीनदा पडली. तिसऱ्यांदा कोलमन आत होता. लोक म्हणायला लागले, फेस्टीने करून दाखवावं. फेस्टी म्हणाला, करतो की, शनिवारी या सगळे. आणि बुधवार, गुरुवार गोठ्यामागे कुणाला न कळता दोनदा बांधून बघितली. दोन्ही वेळा डिलियाला घरात धप्प असा आवाज ऐकू आला.

शुक्रवारी ती गाईचं दूध काढत होती तिथे तो येऊन उभा राहिला. केसांत पीटचा भुगा.

"वरचं कसं धरलंस?" त्याने विचारलं.

बावीस वर्षांत त्याने तिला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. डिलियाने धार थांबवली नाही.

"सांगून जमायचं नाही. मीच बांधते आतून. तू बाहेरचे काटे रच, ते तुला छान येतात. बांधून झाली की मी भरत भरत बाहेर येईन, पोकळी उरेल ती फादरांचा हात मावेल एवढीच. आणि गंजी माझी."

"माझी म्हणजे?"

"कधी काढायचं, किती काढायचं, कुणाला द्यायचं, ते मी बघेन. तू विचारायचं नाहीस. मार्चपर्यंत नाही, त्यानंतरही नाही."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"लोकांना तू जे सांगतोस तेच सांग. त्यात तुझा हात धरणारा कुणी नाही."

फेस्टीने विचार केला. अपमान नेमका कुठे झालाय ते त्याला सापडेना, म्हणून तो बरं म्हणाला.

शनिवारी गाव जमलं. डिलियाने पहाटेच कमरेएवढे थर रचले होते आणि ती फटीतून आत जाऊन बसली होती. फेस्टी बाहेर उभा राहून, एकेक वीट उंच धरून लोकांना दाखवत, हवेबद्दल बोलत होता. लोक माना डोलवत होते. गंजी छातीपर्यंत आली तशी तो रंगात आला आणि एक वीट भलतीकडेच ठेवायला लागला.

"ती नको. डावीकडची दे," गंजीतून आवाज आला.

फेस्टीने डावीकडची दिली. आतून एक हात आला आणि घेऊन गेला, पण तो फक्त पुढे उभ्या असलेल्या कोलमनला दिसला.

"फेस्टी," कोलमन हळूच म्हणाला, "आत कुणी बोललं का रे?"

"पोकळ गंजी आहे," फेस्टी म्हणाला. "घुमायचीच."

"पण आपण कुणी डावीकडची म्हटलंच नव्हतं."

"कोलमन, तुझी तीनदा पडली ना? मग गप्प बसून शीक."

"आता दोन आडव्या," गंजी म्हणाली, आणि फेस्टीने दोन आडव्या दिल्या.